चार आजार आणि एकच कागद

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून तिथेच खाली बसले. एका कॉलेजच्या मुलीने पाणी दिलं, हाताला धरून रिक्षापर्यंत आणलं. संध्याकाळी फॅमिली डॉक्टरांनी बीपी बघितलं तर ९०/६०. माझं बीपी एरवी दीडशेच्या खाली यायला तयार नसायचं. डॉक्टरांनी मला पर्स टेबलावर रिकामी करायला सांगितली. एकेक स्ट्रिप उलटून वाचली आणि त्यातल्या दोन माझ्यासमोर शेजारी-शेजारी ठेवल्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, गोळ्यांचे रंग वेगळे. पण मागे बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच शब्द होता, टेल्मिसार्टन. एक गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीसाठी दिलेली. दुसरी शुगरच्या डॉक्टरांनी किडनी सांभाळायला महिनाभरापूर्वी सुरू केलेली. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिली नव्हती, आणि मीही दाखवली नव्हती.

मला टाइप २ मधुमेह आहे, बीपी आहे, थायरॉइड कमी आहे आणि दोन्ही गुडघे झिजलेत. वय ५७. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, नोकरीला रोज वाशीला जाते. एकेका आजाराची माहिती हवी तेवढी मिळते. पण हे चारही एकाच अंगात नांदतात. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं, एकाचं पथ्य दुसऱ्याच्या आड येतं. या सगळ्याची बेरीज करायला कुणीच बसलेलं नसतं, ती आपल्यालाच करावी लागते. ती मी कशी करते ते इथे सांगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी बंद करायची किंवा बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

सगळ्या स्ट्रिप्स चादरीवर मांडा

सुट्टीचा एक दिवस यासाठी काढा. फ्रिजवरचा डबा, पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, देवघराशेजारचा कप्पा, जिथे जिथे औषध आहे तिथून ते बाहेर काढा. चालू असलेलं, बंद केलेलं, अर्धवट राहिलेलं, सगळं. कॅल्शियम, केसांसाठीच्या गोळ्या, काढे, चूर्णं हेसुद्धा. ही काय औषधं आहेत का, म्हणून आपण डॉक्टरांना सांगत नाही. पण ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढू शकतं आणि पोटॅशियम उतरू शकतं. केसांच्या गोळ्यांमधल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. ते तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवायचं असतं, आणि हे मला कळायच्या आधी एकदा विनाकारण माझी मात्रा बदलली गेली होती.

आता प्रत्येक स्ट्रिपवर कंपनीने दिलेल्या नावाकडे दुर्लक्ष करून औषधाचं मूळ नाव वाचा. अक्षरं दिसत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करा. एका गोळीत दोन-तीन औषधं असणं आता नेहमीचंच झालंय. नावापुढे ‘एच’ असेल तर बहुधा सोबत लघवी वाढवणारं औषध असतं, ‘एएम’ असेल तर अॅम्लोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध. अंदाजावर राहू नका, मागचं वाचा. तेच नाव दोनदा सापडलं तर ते ‘पुढच्या व्हिजिटला विचारू’ म्हणून ठेवायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

मग एका कोऱ्या कागदावर तक्ता करा: मूळ नाव, मात्रा, घ्यायची वेळ, कशासाठी, कुणी दिलं, कधीपासून. यातला ‘कशासाठी’ हा रकाना भरताना खरी गंमत कळते. माझ्या अकरा गोळ्यांपैकी दोन कशासाठी आहेत ते मला सांगताच येईना. त्यातली एक पित्ताची होती, कधीकाळी दहा दिवसांसाठी दिलेली आणि मी तीन वर्षं घेत राहिलेली. डॉक्टरांनी ती बंद केली. कागदाच्या मागच्या बाजूला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते, झालेली ऑपरेशनं, शेवटच्या तपासणीचे मुख्य आकडे आणि दोन फोन नंबर. वर तारीख. औषध बदललं की खाडाखोड करायची नाही, नवा कागद लिहायचा आणि जुना फाडायचा. एक प्रत पर्समध्ये, एक फ्रिजवर, फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये.

बेरीज करणारा एक डॉक्टर ठरवा

चार तज्ज्ञ चार अवयव बघतात. सगळं मिळून एक माणूस म्हणून आपल्याकडे बघणारा एक डॉक्टर लागतो, आणि माझ्या मते तो गल्लीतला फॅमिली डॉक्टरच असावा. सरकारी उपचार घेणाऱ्यांनी जवळच्या मनपा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हेच काम सांगावं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, ओपीडीत दर वेळी तोच डॉक्टर भेटेल असं नसतं. तिथे तर हा कागद आणखी उपयोगी पडतो, कारण पाच मिनिटांतली तीन मिनिटं ‘काय काय चालू आहे’ यातच जातात.

तज्ज्ञाने नवं औषध लिहिलं की मी खुर्चीतून उठण्याआधी कागद पुढे करते आणि तीन गोष्टी विचारते. यातल्या कशाशी हे जुळणार नाही असं आहे का? हे किती दिवस घ्यायचं? हे सुरू केल्यावर जुनं एखादं बंद करता येईल का? तिसरा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. म्हणूनच गोळ्या वाढतच जातात.

डॉक्टरांकडे जाताना तक्रारीही लिहून न्या, पण तीनच. सगळ्यात जड असलेली पहिली. आपल्या बायकांची सवय अशी की सर्दीपासून सुरुवात करायची आणि छातीत भरून येतं हे दार उघडताना सांगायचं.

गोळ्यांचं वेळापत्रक घड्याळाला नाही, दिनक्रमाला बांधा

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहाच्या आधी किमान अर्धा ते एक तास. चहा-कॉफीने ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर. मी पाचला उठून आधी ती घेते, मग डबा करायला लागते. पोळ्या होईपर्यंत पाऊण तास झालेला असतो, तेव्हा चहा. शुगरची गोळी मेटफॉर्मिन नाश्त्यासोबत आणि रात्रीच्या जेवणासोबत, म्हणजे पोट बिघडत नाही. कॅल्शियम रात्री जेवल्यावर.

लघवी वाढवणाऱ्या गोळीबद्दल बायकांशी मोकळेपणाने बोलायला हवं. ट्रेनमध्ये सोय नाही, म्हणून कितीतरी जणी ती गोळी गुपचूप टाळतात, शिवाय दिवसभर पाणीही पीत नाहीत. हे दोन्ही किडनीला महागात पडतं. डॉक्टरांना प्रवासाची वेळ सांगा. गोळीची वेळ मागेपुढे करता येते, कधी औषधही बदलता येतं. संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

सात दिवसांच्या कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा मेडिकलमध्ये मिळतो. दर रविवारी संध्याकाळी चष्मा लावून, टीव्ही बंद करून मी तो भरते. फायदा एवढाच की ‘मी घेतली का?’ हा प्रश्न संपतो. कप्पा रिकामा म्हणजे घेतली. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवावी, पण फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने नाही

हे वेगळं लिहितेय कारण इथेच सगळ्यात जास्त घात होतो. गुडघा ठणकला की आपण मेडिकलवाल्याला सांगतो, काहीतरी द्या हो. तो डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देतो. या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. त्यातही टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वर ही तिसरी पडली, तर किडनी अचानक बिघडू शकते. पोटात रक्तस्राव होऊ शकतो तो आणखी वेगळा. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं जे औषध असतं, तेही बीपी चढवतं. दम्याच्या काही रोग्यांना अॅस्पिरिन आणि या वेदनाशामकांनी जोराचा अॅटॅक येतो. म्हणून दुखण्यासाठी कोणती गोळी, किती आणि दिवसातून किती वेळा, हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. माझ्या कागदावर पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं जेल आहे.

गुडघ्यांना गोळीपेक्षा मांडीच्या स्नायूंची ताकद जास्त तारते. पाठीवर झोपा, एक पाय गुडघ्यात वाकवा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे मोजा, खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. फिजिओथेरपिस्टने हे मला शिकवलं तेव्हा खरं सांगायचं तर विश्वास बसला नव्हता. तीन महिन्यांनी मी आमचे दोन मजले मध्ये न थांबता चढले.

मोजायचं ते नीट मोजा

बीपी मोजण्याआधी लघवीला जाऊन या, अर्धा तास चहा नको. पाठीला टेका देऊन पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. बोलायचं नाही. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. उठताना गरगरत असेल तर उभं राहून एक ते तीन मिनिटांनी परत मोजा; वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. माझी पुलावरची चक्कर मी अशी मोजली असती तर आठवडाभर आधीच कळलं असतं.

शुगरसाठी हात साबणाने धुऊन पुसा. मे महिन्यात आंबा कापल्यावर मी बोटाला सुई टोचली आणि आकडा आला ३१२. हात धुऊन दुसरं बोट टोचलं, १४८. बोटावर आमरसाचा नुसता पुसट थर होता. पट्ट्यांची डबी घट्ट लावा, पावसाळ्यातल्या दमट हवेने त्या खराब होतात. रोज चार-चार वेळा टोचून घाबरून जाण्यात अर्थ नाही. कोणत्या दिवशी, जेवणाआधी की नंतर, आणि किती आकडा आला तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ज्या आकड्यावरून काही करायचंच नाही, तो मोजून फक्त मन खातं.

तपासण्या मी वर्षावर वाटून टाकल्यात. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, तीन ते सहा महिन्यांनी. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, गोळीची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केलेली तपासणी काही सांगत नाही. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय डोळ्याच्या पडद्याची आणि पावलांची तपासणी वर्षातून एकदा, ती मी वाढदिवसाच्या महिन्यातच करते म्हणजे विसरत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व बघायला सांगा. पायांच्या मुंग्या दर वेळी शुगरच्याच असतात असं नाही, बी१२ कमी झाल्यानेही येतात.

स्वयंपाक एकच, ताट वेगळं

आजाऱ्याचं जेवण म्हणून वेगळा टोप चढवलात की महिनाभरात कंटाळाल. घरात एकच भाजी, एकच वरण, फक्त वाढण्याचा क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, एखादी भाकरी, भात शेवटी आणि थोडा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. तलावपाळीला एक फेरी मारता आली तर उत्तम, नाहीतर गच्चीवर.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे माणशी जेमतेम एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारी, वडापावची सुकी चटणी हे सगळं धरलेलं आहे. मी सकाळी एका छोट्या डबीत तिघांचं मिळून दोन चमचे मीठ काढते. दिवसभराची भाजी, आमटी, कणीक, सगळं त्या डबीतूनच. पहिल्या आठवड्यात डबी दुपारीच संपायची. आता रात्री तळाला थोडं उरतं. सैंधवही शेवटी मीठच, बीपीला त्यात सूट नाही. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. नारळपाण्याचंही तसंच. शेजारच्या काकांना बीपीसाठी ते चांगलं असेल, पण किडनीच्या रोग्याला तेच बाधतं.

उपवासाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना निर्जळ किंवा कडक उपवास केला तर शुगर धोकादायक उतरू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तेवढीच चढते. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. मी आता आषाढीला राजगिरा, दही आणि काकडी घेते, आणि विठ्ठलाला त्यात काही कमी वाटत असेल असं मला वाटत नाही.

ताकद जपून खर्च करा

बरं वाटलं की आपण सगळं उरकून टाकतो. जांभळी नाक्यावरून आठवड्याची भाजी, वरून माळा झाडणं, वरून पाहुणे. मग दोन दिवस अंथरुणात. आता बरं वाटलं तरी मी एका दिवशी एकच जड काम ठेवते. जिना दिवसातून दोनदाच चढायचा असं ठरवून किराणा घरपोच मागवते. वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल ठाण्याहूनच सुटते, म्हणून एक गाडी सोडून पुढचीत बसून जाते. दहा मिनिटं उशीर होतो, पण गुडघे संध्याकाळपर्यंत टिकतात. स्टेशनवर लिफ्ट आणि सरकते जिने कुठे आहेत ते एकदा फिरून बघून ठेवा, आणि त्या बाजूच्याच डब्यात चढा.

पावसाळ्यात पावलं रोज बघा, तळवे आरशात. मधुमेहात जखम झालेली कळतही नाही. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येताच पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर ‘पाण्यातून गेले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस वेळेत ओळखायला त्याचीच मदत होते.

आजारपणाचा दिवस आधीच ठरवून ठेवा

उलट्या-जुलाब लागले आणि पाणी पोटात ठरत नसेल, तेव्हा मेटफॉर्मिन, लघवी वाढवणारी गोळी, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या किंवा शुगर लघवीवाटे काढणाऱ्या नव्या गोळ्या काही काळ थांबवाव्या लागू शकतात. इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नसतं. कोणतं थांबवायचं आणि कोणतं नाही, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रात्री दोन वाजता विचारायला कुणी नसतं.

हात थरथरले, घाम फुटला, धडधडलं तर शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बीपीच्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर, धडधड लपवतात. त्या चालू असतील तर घामावर लक्ष ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. छातीत दाब, तोंड वाकडं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तरीही १०८.

खर्च

स्वस्त जेनेरिक औषधांची सरकारी जनऔषधी केंद्रं ठाण्यात आहेत, नवी मुंबईतही. मूळ नावाचा कागद हातात असेल तर तिथे औषध शोधणं सोपं जातं. डॉक्टरांना दाखवून बदला, माझा महिन्याचा खर्च बराच उतरला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल तर उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, ते कार्ड काढून घ्या. विमा घेताना आधीचे आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पण लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतोच.

घरच्यांना काम वाटून द्या

‘काळजी घे गं’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना नेमकं काम द्या. माझी मुलगी महिन्याच्या औषधांची ऑर्डर बघते. ह्यांच्याकडे तपासण्यांच्या तारखा. मन खचलं, महिनोन्महिने कशातच लक्ष लागेना, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे. दीर्घ आजारांत ते वरचेवर होतं आणि त्याने शुगरही बिघडते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

घराची एक किल्ली आम्ही समोरच्या वहिनींकडे दिली आहे. तिला एक छोटं प्लास्टिकचं पाकीट बांधलंय. त्यात कागदाची घडी, साखरेची पुडी आणि डॉक्टरांचा नंबर. दर वेळी नवा कागद लिहिला की आधी त्यांच्या दाराची बेल वाजवते आणि पाकिटातला जुना काढून नवा ठेवते.